पाकिस्तानचा बॉम्ब जगाने पचवला, मग इराणच्याच मागे सगळे का लागतात?

रावेर तालुक्यातील एक तरुण केळी उत्पादक आसपासच्या शेतकऱ्यांचा निर्यातक्षम माल एकत्र करून सावदा परिसरातील पॅकहाऊसमधून आखाती देशांत आणि इराणला पाठवतो. जून 2025 मधील इस्रायल-इराण युद्धात त्याचे पैसे दुबईतल्या व्यापाऱ्याकडे अडकले. त्यानंतर त्याने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: पाकिस्तानने बॉम्ब केला तेव्हा त्याच्यावर कोणी विमाने घातली नाहीत, उत्तर कोरियाने सहा चाचण्या केल्या, त्यालाही कोणी हात लावला नाही, इराणने तर एकही चाचणी केलेली नाही, तरी सगळा मार त्यालाच का, आणि या भांडणात आमच्या केळीने कोणाचे काय घोडे मारले आहे? धुळ्यात संरक्षणशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे प्रश्नाचा पहिला भाग माझ्या विषयातला आहे. दुसऱ्या भागाचे उत्तरही पहिल्यातूनच निघते, म्हणून दोन्ही एकत्र घेतो.

इराणवर हल्ला झाला तो त्याच्याकडे बॉम्ब आहे म्हणून नव्हे, तर बॉम्ब नाही, पण थोड्या काळात होऊ शकतो म्हणून. कोणत्याही देशाच्या अण्वस्त्र कार्यक्रमात सर्वांत धोक्याचा काळ असतो तो मधला, म्हणजे हेतूचा संशय पक्का झालेला आहे पण शस्त्र अजून हातात आलेले नाही असा. या काळात शेजाऱ्यांना वाटते की आत्ता हात घातला तर कमी किमतीत काम होईल, नंतर होणार नाही. इस्रायलने 7 जून 1981 रोजी इराकची ओसिराक अणुभट्टी उद्ध्वस्त केली आणि सप्टेंबर 2007 मध्ये सीरियाची अल-किबार येथील भट्टी पाडली, ती याच हिशेबाने. 13 जून 2025 रोजी त्याने इराणवर हल्ले सुरू केले आणि 22 जूनला अमेरिकेने फोर्दो, नतान्झ व इस्फहान या केंद्रांवर बॉम्ब टाकले, तेव्हाही हिशेब तोच होता. उत्तर कोरियाने 9 ऑक्टोबर 2006 रोजी पहिली चाचणी केली आणि त्या दिवसापासून हा हिशेब उलटा झाला, कारण आता हल्ला करणाऱ्याला प्रत्युत्तरात सेऊल किंवा टोकियो गमावण्याची शक्यता धरावी लागते. मात्र ओसिराकच्या बाबतीत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्या हल्ल्यानंतर सद्दाम हुसेनचा कार्यक्रम थांबला नाही. तो अधिक गुप्त आणि अधिक मोठा झाला, आणि 1991 च्या युद्धानंतर निरीक्षक आत गेले तेव्हाच त्याचा खरा आवाका कळला.

मधला काळ नेमका कुठे सुरू होतो, हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागते. ते अवघड नाही. खाणीतून निघालेल्या युरेनियममध्ये दर हजार अणूंमागे साधारण सातच अणू युरेनियम-235 चे, म्हणजे कामाचे, असतात. विजेच्या अणुभट्टीला सुमारे 4 टक्के शुद्धता लागते, म्हणजे त्या सात अणूंबरोबर 168 बिनकामाचे अणू राहिले तरी चालते. बाकीचे सव्वाआठशे मात्र सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे अतिवेगाने फिरणाऱ्या नळकांड्यांतून, वेगळे काढावे लागतात. 20 टक्क्यांसाठी सातांबरोबर 28 उरतात, 60 टक्क्यांसाठी पाचही उरत नाहीत, आणि बॉम्बासाठी सोयीच्या मानल्या जाणाऱ्या 90 टक्क्यांना पूर्ण एकसुद्धा उरत नाही. वीज निर्माण करण्याच्या पायरीपर्यंत पोहोचतानाच बहुतेक कष्ट संपलेले असतात, आणि म्हणूनच शांततामय कार्यक्रम व शस्त्राचा कार्यक्रम यांच्यात यंत्रसामग्रीचा फरक फारसा नसतो. फरक असतो तो निरीक्षकांच्या नजरेचा आणि साठ्याच्या मर्यादेचा. 14 जुलै 2015 च्या व्हिएन्ना करारात इराणला 3.67 टक्के शुद्धता आणि 300 किलो साठा अशी मर्यादा घातली होती ती यासाठी. मे 2018 मध्ये अमेरिका त्या करारातून बाहेर पडली, एप्रिल 2021 पासून इराणने 60 टक्के शुद्धीकरण सुरू केले, आणि जूनच्या युद्धापूर्वी त्या दर्जाचा 400 किलोंहून अधिक साठा त्याच्याकडे असल्याचे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने नोंदवले होते. 60 टक्क्यांच्या मालाला विजेच्या भट्टीत काही काम नाही. माझ्या मते इराणने यातून बॉम्बापेक्षा वाटाघाटीतले वजन मिळवण्याचा प्रयत्न केला, आणि मधल्या काळात अधिक दिवस थांबणे हेच त्याला भोवले.

पाकिस्तान याच काळातून गेला, पण त्याचे दैव बलवत्तर होते. जानेवारी 1972 मध्ये भुट्टो यांनी मुलतानला शास्त्रज्ञांची बैठक घेतली, अब्दुल कादिर खान यांनी नेदरलँड्समधून सेंट्रिफ्यूजचे आराखडे आणले, आणि एप्रिल 1979 मध्ये अमेरिकेने या कार्यक्रमावरून पाकिस्तानची मदत तोडलीसुद्धा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या आणि चित्र पालटले. मुजाहिदीनांना शस्त्रे पोहोचवायला पाकिस्तानची भूमी हवी होती, त्यामुळे 1981 मध्ये त्याला 3.2 अब्ज डॉलरची मदत मिळाली आणि काहुट्याच्या युरेनियम शुद्धीकरण केंद्रात काय चालले आहे याकडे दहा वर्षे कानाडोळा झाला. सोव्हिएत फौजा परत गेल्यावर 1990 मध्ये अमेरिकेला एकाएकी आठवले की पाकिस्तानकडे बॉम्ब नसल्याची खात्री देता आली तरच मदत द्यायची, असा आपला एक कायदा आहे. मदत पुन्हा बंद झाली आणि पाकिस्तानने पैसे मोजलेली एफ-16 विमाने अमेरिकेतच अडकून पडली. तोपर्यंत मधला काळ सरून गेला होता. इराणला असा पाठीराखा कधीच मिळाला नाही. शिवाय भारत, पाकिस्तान आणि इस्रायल यांनी अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सहीच केलेली नाही, तर इराणने 1968 मध्येच त्यावर सही केली, त्यामुळे त्याच्या प्रत्येक उल्लंघनाला कायद्याचे कलम लावता येते. हे न्याय्य आहे का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर नाही असेच असेल. पण आंतरराष्ट्रीय राजकारणात कलम कोणाला लावायचे हे बहुधा आधी ठरते.

या कार्यक्रमांची एकमेकांशी असलेली साखळीही लक्षात घेतली पाहिजे. चीनने ऑक्टोबर 1964 मध्ये लोप नोर येथे चाचणी केली, ती 1962 च्या आपल्या पराभवानंतर अवघ्या दोन वर्षांनी. भारताने 18 मे 1974 रोजी पोखरणला चाचणी केली आणि पाकिस्तानच्या प्रयत्नांना जोर चढला. खान यांच्या जाळ्यातून तेच सेंट्रिफ्यूज तंत्र इराण, लिबिया आणि उत्तर कोरियापर्यंत गेले. फेब्रुवारी 2004 मध्ये दूरचित्रवाणीवर त्यांनी स्वतः त्याची कबुली दिली. एका प्रदेशातला बॉम्ब दुसऱ्या प्रदेशातल्या कार्यक्रमाला असा कामी येतो. सप्टेंबर 2025 मध्ये सौदी अरेबियाने पाकिस्तानशी परस्पर संरक्षण करार केला, तेव्हा हीच साखळी आखातात पुन्हा दिसली. इराणने बॉम्ब केला तर आम्हीही करू, असे सौदी युवराज 2018 मध्येच उघड बोलले होते.

शस्त्र हातात आल्यानंतर काय होते, याचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्याच सीमेवर आहे. मे 1998 मध्ये आपण 11 आणि 13 तारखेला, तर पाकिस्तानने 28 आणि 30 तारखेला चाचण्या केल्या. आता दोघेही सावध होतील आणि युद्ध टळेल असे मानणारे पुष्कळ होते. पुढच्या फेब्रुवारीत लाहोरचा जाहीरनामा झाला आणि मे महिन्यात कारगिल उघडकीस आले. घुसखोरीची तयारी करणाऱ्या पाकिस्तानी सेनापतींचा कयास असा होता की अण्वस्त्रांच्या धाकाने भारत युद्ध वाढवणार नाही आणि जग घाईने मध्ये पडेल. तो अर्धा खरा ठरला. भारतीय हवाई दलाला नियंत्रण रेषा ओलांडू नये असा हुकूम होता आणि तो पाळला गेला, त्यामुळे उंचावरच्या ठाण्यांसाठी जवानांना समोरून चढून जावे लागले. जग मध्ये पडले, पण पाकिस्तानच्या बाजूने नव्हे: 4 जुलै 1999 रोजी नवाझ शरीफ वॉशिंग्टनला गेले आणि माघार कबूल करून परतले.

संसदेवर 13 डिसेंबर 2001 रोजी हल्ला झाल्यावर आपण मोठे सैन्य सीमेवर नेले, सुमारे दहा महिने उभे ठेवले आणि युद्ध न करता परत आणले. त्या अनुभवातून आपल्या लष्करात असा विचार पुढे आला की मोठी जमवाजमव करून जगाला मध्यस्थीसाठी वेळ देण्यापेक्षा लहान तुकड्यांनी झटपट, मर्यादित खोलीवर धडक मारावी. पाकिस्तानने त्याला उत्तर म्हणून 2011 मध्ये नस्र या क्षेपणास्त्राची चाचणी केली, आणि माझ्या मते दक्षिण आशियातील सर्वांत काळजीची गोष्ट हीच आहे. नस्रचा पल्ला केवळ 60-70 किलोमीटर आहे. एवढ्या पल्ल्याचे अण्वस्त्र शत्रूच्या राजधानीसाठी नसते. ते आपल्याच भूमीवर शिरलेल्या रणगाड्यांवर टाकण्यासाठी असते. ते उपयोगी पडायचे तर सीमेजवळ आणून ठेवावे लागते, सीमेजवळ आणले की पहिल्याच धडकेत शत्रूच्या हाती पडण्याची भीती असते, आणि त्या भीतीने ते लवकर वापरावे असे वाटू लागते किंवा वापरण्याचा अधिकार खालच्या अधिकाऱ्याला द्यावा लागतो. भारताने 4 जानेवारी 2003 रोजी जाहीर केलेल्या धोरणात प्रथम वापर न करण्याचे वचन आहे, पण आपल्या भूमीवर किंवा कोठेही भारतीय फौजांवर अण्वस्त्र पडले तर प्रत्युत्तर प्रचंड असेल हेही त्यात लिहिलेले आहे. एका ब्रिगेडवर पडलेल्या छोट्या अण्वस्त्राला उत्तर म्हणून आपण खरोखर शहरे जाळू का, या प्रश्नाचे उत्तर पाकिस्तानच्या मनात जितके धूसर, तितका धोका अधिक.

तरीही मर्यादित बळाची जागा उरलेली आहे, आणि ती दर वेळी थोडी सरकते आहे. 2016 मध्ये नियंत्रण रेषेपलीकडच्या तळांवर, फेब्रुवारी 2019 मध्ये थेट खैबर पख्तुनख्वातील बालाकोटवर आणि मे 2025 मध्ये पाकिस्तानी पंजाबातील बहावलपूर व मुरिदकेवर भारताने कारवाई केली. 10 मे रोजी रावळपिंडीजवळच्या नूर खान विमानतळावर मारा झाला आणि त्याच सायंकाळी गोळीबार थांबला. स्टुडिओत बसून नकाशावर रेषा ओढणारे यातून असा निष्कर्ष काढतात की अण्वस्त्रांचा बाऊ खोटा होता. मला तसे वाटत नाही. बाऊ खोटा असता तर प्रत्येक कारवाईनंतर दोन्ही बाजूंनी इतक्या लगबगीने थांबण्याची वाट शोधली नसती. अण्वस्त्रांमुळे मोठे युद्ध अवघड झाले, छुप्या हल्ल्यांना आडोसा मिळाला, आणि त्या आडोशाला भेदायचे किती खोलवर हे दोन्ही देश प्रत्यक्ष प्रसंगातून ठरवत आहेत. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

अण्वस्त्रे आली की साध्या सैन्याचा खर्च कमी होतो, असाही एक समज आहे. आपल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत ज्यांच्या घरातील कोणी काडतुसांच्या कामावर होते, त्यांना तो कधीच पटला नसेल. भारताकडे सुमारे 180, पाकिस्तानकडे 170 आणि चीनकडे 600 अण्वस्त्रे असल्याचा 2025 च्या आरंभीचा स्वीडनमधील सिप्री संस्थेचा अंदाज आहे, आणि तिन्ही देशांचा साध्या सैन्यावरचा खर्चही त्याबरोबरच वाढत गेला आहे.

मुत्सद्देगिरीवरचा परिणाम अधिक गुंतागुंतीचा आहे. भारताचे ठाम धोरण असे की पाकिस्तानशी असलेल्या वादात तिसरा नको. पण दोन अण्वस्त्रधारी देशांत गोळी चालली की तिसऱ्याला न बोलावताही यावेसे वाटते. मे 2025 मध्ये युद्धबंदीचे श्रेय अमेरिकेने घेतले आणि ती दोन्ही सैन्यांच्या अधिकाऱ्यांत थेट बोलून झाली असे आपण सांगत राहिलो, त्या सगळ्या शब्दयुद्धाचे मूळ यात आहे. दुसरीकडे, याच अण्वस्त्रांनी दोन वैऱ्यांना काही नियम पाळायला शिकवले. 31 डिसेंबर 1988 रोजी इस्लामाबादला झालेल्या करारानुसार एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असे ठरले, आणि 1992 पासून दर 1 जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलनंतरच्या जानेवारीतही ती दिली गेली आणि संसदेवरील हल्ल्यानंतर सैन्य सीमेवर उभे असतानाही दिली गेली. इराण आणि इस्रायल यांच्यात अशी एकही यादी नाही, संपर्काची नेहमीची वाटही नाही, हा फरक मला शस्त्रांच्या संख्येपेक्षा मोठा वाटतो.

इराणच्या प्रश्नात भारत स्वतःही कोरडा राहिलेला नाही. जुलै 2005 मध्ये अमेरिकेशी नागरी अणुसहकार्याची बोलणी सुरू झाली आणि त्याच सप्टेंबरात व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत भारताने इराणच्या विरोधात मत दिले. पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा दिले. सप्टेंबर 2008 मध्ये अणुइंधन व तंत्र विकणाऱ्या देशांच्या अणुपुरवठादार गटाने भारताला त्या व्यापारासाठी सूट दिली. 1974 च्या आपल्याच चाचणीनंतर जो गट आपल्यावर दार लावण्यासाठी उभा राहिला, त्यानेच आपल्यासाठी दार उघडले, आणि त्याच्या किमतीचा काही हिस्सा तेहरानच्या खात्यातून गेला. दिल्लीने हे चूक केले असे मी म्हणणार नाही. आणखी एका अण्वस्त्रधारी शेजाऱ्याची आपल्याला गरज नव्हती आणि युरेनियमची होती.

आता केळीकडे येतो. अमेरिकेच्या निर्बंधांतून अन्न आणि औषधे कागदोपत्री वगळलेली आहेत, म्हणजे इराणला केळी विकणे हा गुन्हा नाही. अडचण पैशाच्या वाटेची आहे. 2012 मध्ये इराणी बँका स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेतून तोडल्या गेल्या तेव्हा भारताने तेलाच्या रकमेचा काही भाग रुपयांत कोलकात्याच्या युको बँकेतील खात्यात भरायला सुरुवात केली. या बँकेचा अमेरिकेत फारसा व्यवहार नव्हता, म्हणून ती निवडली. त्या रुपयांतून इराण आपल्याकडचा बासमती, चहा आणि इतर माल घेत असे. मे 2019 मध्ये अमेरिकेने इराणी तेल घेण्याची सवलत बंद केली, भारताने इराणी तेल घेणे थांबवले, आणि तेल थांबले तसे खात्यात नवे रुपये येणेही थांबले. निर्यातदार दुबईच्या मध्यस्थाकडे वळले ते इथून. बँकांचे वागणेही समजण्यासारखे आहे: केळीच्या एका कंटेनरवर मिळणाऱ्या वटावासाठी अमेरिकेतील सगळा व्यवसाय पणाला लावायला कोणती बँक तयार होईल? त्यामुळे कायद्याने मोकळा असलेला मालही व्यवहारात अडतो. तांदूळ गोदामात थांबू शकतो. 13-14 अंश तापमानाच्या रीफर, म्हणजे शीत, कंटेनरमधली हिरवी केळी इराणच्या बंदर अब्बासच्या रांगेत थांबू शकत नाही.

ज्यांचा निर्यातीशी संबंध नाही त्यांनाही झळ लागते. जगाच्या वापरातील सुमारे एक पंचमांश तेल आणि कतारचा जवळजवळ सगळा द्रवरूप वायू होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जातो, आणि आपले युरियाचे कारखाने मोठ्या प्रमाणात आयात वायूवर चालतात. जहाजांच्या युद्धजोखमीच्या विम्याचा हप्ता एका रात्रीत वाढतो, तो शेवटी भाड्यात आणि भाड्यातून बांधावरच्या भावात उतरतो.

प्रश्नकर्त्याने व्यवहारात काय करावे, हेही विचारले होते. व्हिएन्नातील अणुऊर्जा संस्थेच्या नियामक मंडळाच्या बैठका साधारणपणे मार्च, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबरमध्ये होतात व त्याआधी इराणवरचा अहवाल येतो. त्याच्या बातम्या बाजारभावाइतक्याच नेमाने वाचाव्यात. 12 जून 2025 रोजी त्या मंडळाने इराण आपल्या जबाबदाऱ्या पाळत नाही असा ठराव केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हल्ले सुरू झाले. सप्टेंबरअखेर संयुक्त राष्ट्रांचे जुने निर्बंधही परत लागू झाले. आपल्या भागातली उन्हाळ्यातील मोठी कापणी आणि जूनची बैठक एकाच सुमारास येतात, म्हणून त्या दिवसांत इराणच्या खरेदीदाराकडून निदान निम्मी रक्कम माल न्हावा शेवाला जाण्याआधी घ्यावी, उरलेल्या रकमेसाठी ईसीजीसी या सरकारी निर्यात विमा कंपनीचे संरक्षण मिळते का ते बँकेकडे लेखी विचारावे, आणि ओमान किंवा अमिरातीतला दुसरा खरेदीदार आधीच बोलून ठेवावा. भाव थोडा कमी मिळेल, पण माल वाटेत असताना कंटेनर वळवण्याची सोय राहील.